भोपळा वाळू द्या

मराठी माणसानं भोपळ्याची जेवढी बदनामी केली, तेवढी दुसऱ्या कुठल्याही फळाची केली नसेल. परीक्षेत काही आलं नाही की भोपळा मिळाला. खोटी समजूत उघडी पडली की भ्रमाचा भोपळा फुटला. दोघांचं पटत नसलं की विळ्या-भोपळ्याचं सख्य. आणि याच माणसाच्या तंबोऱ्यातून जो स्वर निघतो तो भोपळ्याच्या पोटातून निघतो. पंढरीच्या वाटेवर विणेकऱ्याच्या गळ्यात असते ती वीणाही भोपळ्याचीच. ज्याच्या जिवावर गाणं उभं राहतं, त्याचंच नाव शून्याला द्यायचं, ही आपली रीत.

पण माझं भांडण म्हणींशी नाही. माझं भांडण वेगळं आहे. भोपळा वेलावर पिकू द्यायचा असतो, वाळू द्यायचा असतो, आणि त्यानंतर त्याचं खरं आयुष्य सुरू होतं, ही गोष्टच आपण मोडीत काढली. आमच्या भीमाकाठच्या शिवारात आज दुधीचे मांडव ढिगानं आहेत. तारा, खांब, ठिबक, सगळं आहे. पण गावभर हिंडलात तर वाळलेला एक भोपळा कुणाच्या आढ्याला टांगलेला दिसायचा नाही. भोपळे वाढले आणि भोपळा गेला. याला जबाबदार तीन प्रकारची माणसं आहेत, आणि तिघांशीही मला भांडायचं आहे. पहिली, शेतीचा हिशेब फक्त बाजाराच्या काट्यावर करणारी. दुसरी, शहरातल्या प्रदर्शनात रंगवलेला तुंबा उचलून ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणत कौतुक करणारी. तिसरी आपली गावचीच, ज्यांना तुंब्याची लाज वाटते.

आधी भोपळा म्हणजे कोणता, ते सांगतो, कारण नावाचा घोटाळा मोठा आहे. लाल भोपळा, ज्याला आमच्याकडं डांगर म्हणतात, तो वेगळा. तो मुळात अमेरिकेतला. त्याची भाजी होते, घारगे होतात, पण त्याचं टिकाऊ भांडं होत नाही. मी बोलतोय तो पांढऱ्या फुलाचा भोपळा. संध्याकाळी उमलतो, रात्री पतंग त्याच्यावर येतात, सकाळी ऊन चढलं की फूल मान टाकतं. त्याचं मूळ आफ्रिकेत. भाजीचा दुधी, गोसाव्याचा तुंबा, गारुड्याच्या पुंगीचा भोपळा आणि सतारीचा भोपळा ही सगळी एकाच जातकुळीची भावंडं. कुणी लांबट, कुणी चंबूसारखा, कुणी मानेला वाकडा, कुणी हंड्याएवढा. माणसानं फार पूर्वीपासून याची भांडी वापरली आहेत. वाळलेला भोपळा समुद्रात महिनोन्‌महिने तरंगतो आणि तरी त्याच्या पोटातलं बी उगवतं, हे शास्त्रज्ञांनी 1954 साली प्रयोग करून दाखवलं. सव्वादोनशे दिवस खाऱ्या पाण्यात ठेवलेल्या भोपळ्याचं बी रुजलं. एवढ्या चिवट फळाला आपण तीन पिढ्यांत घालवलं, हा आपला पराक्रम.

आमच्या घरी गोठ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल असायचा. त्याला वेगळी जागा कधी लागली नाही. मृगाचा पाऊस पडला की आजी उकिरड्याच्या कडेला चार बिया टोचायची, आणि आखाड सरेस्तोवर वेल छपरावर चढलेला असायचा. कोवळे भोपळे भाजीला जायचे. पण त्यातले तीन-चार भोपळे आजी आधीच हेरून ठेवायची आणि त्यांच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीच्या भोपळ्याला कुणी हात लावायचा नाही, हा कायदा. पाहुणे आले, घरात भाजी नाही, तरीसुद्धा नाही. एकदा चुलत्यानं विचारलं, “आगं आये, एवढा कवळा हाय, न्हेऊ का बाजारला?” आजी म्हणाली, “ह्यो बाजारचा न्हाय, ह्यो घराचा हाय. समदंच खाल्लं तर पुढल्या साली वेल कशाचा लावशील?”

त्या चिंधीच्या भोपळ्यांचं काय व्हायचं? एकात बाजरीचं बी, एकात तिळाचं, राख मिसळून, तोंडाला शेणाचा लिंपा देऊन. एक मिठाला. एकाचा उभा काप घेऊन पळी. एक रानात पाणी न्यायला, कारण त्याची साल बारीक श्वास घेते आणि पाणी उन्हातही गार राहतं. आणि दोन मोठे भोपळे आम्हा पोरांना, विहिरीत पोहायला शिकण्यासाठी. काथ्याच्या दोरीनं पाठीला बांधायचे आणि आबा वरून ढकलून द्यायचे. आमच्या आधीच्या पिढीनं तर भोपळ्यांची सांगड बांधून भरली भीमा ओलांडलेली. पूल नव्हते तेव्हा नदीच्या दोन काठांची सोयरीक या भोपळ्यानं जमवली.

हे मी जुन्या दिवसांचं गाणं गात नाही. तो काळ गोड होता असंही नाही. भोपळ्यातलं मीठ ओलं व्हायचं, पळीला चीर पडायची. पोहायला शिकणाऱ्या लेकराला आज चांगल्या बनावटीचं तरंगतं जाकीट मिळत असेल तर ते घाला, मी भोपळ्याचा हट्ट धरणार नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की त्या घरात भोपळा ही फक्त भाजी नव्हती. कोवळेपणी तो अन्न होता आणि वाळल्यावर सामान होता. आपण त्याचं अर्धं आयुष्य कापून टाकलं आणि वर म्हणतो, शेती परवडत नाही.

आता पहिल्यांशी बोलतो. हिशेबवाल्यांचं म्हणणं असं: दुधी लावल्यापासून दोन महिन्यांत तोडणीला येतो. फूल गळल्यावर दहा-बारा दिवसांत फळ तोडायचं, दर दोन-तीन दिवसांनी तोडा घ्यायचा. फळ वेलावर पिकू दिलं की वेलाला वाटतं आपलं काम झालं, आणि नवी फळं धरणं मंदावतं. मग चार-पाच महिने एक भोपळा वेलावर बसवून ठेवणं हा शुद्ध तोटा. हा हिशेब खोटा नाही. ज्यानं एकरभर मांडव उभा केलाय, कर्ज काढलंय, त्यानं तोडाच घ्यावा. त्याला मी शहाणपण शिकवायला जाणार नाही.

पण हा हिशेब एकराचा आहे आणि भोपळा एकराचं पीक कधीच नव्हता. तो कुंपणाचा, छपराचा, उकिरड्याच्या कडेचा. जिथं तुमचं एक रोपटं उगवत नाही तिथं तो पसरतो. कुंपणाच्या बाभळीवर चढलेल्या वेलावर चार भोपळे वाळले तर कुठल्या पिकाची जागा गेली? कोणतं पाणी गेलं? ज्या जमिनीचं उत्पन्न शून्य धरता, तिथं भोपळा आला तर तो नफा. पण हे कागदावर बसत नाही, कारण कागदात कुंपणाला रकाना नाही. परसाला रकाना नाही. आणि परस बाईचा असतो, म्हणून तिच्या कामालाही रकाना नाही.

त्याहून वाईट झालं ते बियाण्याचं. बाजाराला सगळी फळं एका मापाची, सरळ, पेटीत बसणारी लागतात. म्हणून संकरित बी आलं. त्याचं बी धरून पुन्हा लावलं तर पुढची फळं सारखी येत नाहीत, म्हणून दरसाल पुडी विकत घ्या. पुडी विकत घ्यायची सवय लागली आणि चिंधी बांधायची सवय गेली. चिंधी गेली तशी चंबूच्या आकाराची जात गेली, वाकड्या मानेची गेली, जाड सालीची गेली. सगळ्यात आधी जाड सालीची गेली, कारण तिची भाजी चांगली होत नाही. आणि वाळवायला लागते ती नेमकी जाड साल.

या हिशेबवाल्यांना मी मिरजेला घेऊन जाईन. मिरजेत शिकलगार मंडळी पूर्वी हत्यारं घडवायची, हत्यारांना धार लावायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला, मग घडवायला घेतली, आणि तलवारीचे हात तंबोऱ्याला लागले. त्या घराण्यांच्या पुढच्या पिढ्यांनी घडवलेले तंबोरे आणि सतारी देशभर गेल्या. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला. फोटो आले, बातम्या आल्या. पण त्या तंबोऱ्याचं पोट येतं कुठून? आमच्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून. इथल्या काळ्या रानात वाढलेला, इथल्या कोरड्या हवेत वाळलेला जाड सालीचा भोपळा. पुरुषाच्या स्वराच्या तंबोऱ्याला चाळीस-पन्नास इंच घेराचा, बाईच्या स्वराला त्याहून लहान. घेर इंचांत मोजून त्याचा भाव ठरतो. इतका मोठा भोपळा काही छपरावर होत नाही. त्याला रान लागतं, खत लागतं, आणि रोजची नजर लागते. भुईवर वाढताना तो कलता बसला तर एका अंगानं चपटा होतो. म्हणून फळ लहान असतानाच खाली पाचट घालून हातानं सरळ बसवायचं. वेलावर दहा फळं धरली तरी चांगली दोन-तीनच ठेवायची. मग त्याला ऊन, वारा, उंदीर, कीड, रानडुकरं आणि अवेळी पाऊस यांतून काढायचं. यातला एक भोपळा तडकला की वर्षाची मेहनत तडकली.

1980 साली उजनीचं धरण पुरं झालं आणि आमच्याकडं ऊस आला. उसानं आमची पोरं शिकवली, माळवदाची स्लॅब केली, हे मी नाकारत नाही. पण ऊस आल्यावर भोपळ्याला रान कोण देणार? उसाची तोड होते, कारखाना नेतो, पैसे उशिरा का होईना येतात. भोपळ्याला भाव वाळल्यावर. तोवर घरात चूल पेटवायची कशी? म्हणून शेतकरी भोपळ्यातून उठला. त्याला दोष देऊ नका. दोष द्यायचा तर वाद्याला मानांकन देऊन भोपळ्याला विसरणाऱ्या व्यवस्थेला द्या. ज्वारीला मान मिळाला की ज्वारी पिकवणाऱ्याला मिळतो. तंबोऱ्याच्या बाबतीत मान थेट घडवणाऱ्याच्या दुकानात पोचला आणि वेलापाशी आलाच नाही. घडवणारे कारागीर मानाला पात्रच आहेत, त्यांच्या हातात जादू आहे. पण वेल नाही तर वाद्य नाही. उद्या तुम्ही फायबरचं पोट बसवाल, मोबाइलमधला तंबोरा लावून रियाज कराल. खुशाल करा. मग मिरजेच्या मातीचं, भीमेच्या काठाचं नाव त्यावर लावू नका.

आता दुसऱ्यांकडे वळतो. शहरातल्या हस्तकला प्रदर्शनात आजकाल वाळवलेल्या भोपळ्याचे दिवे दिसतात, कुंड्या दिसतात, पाखरांची घरटी दिसतात. बघून बरं वाटतं. जवळ गेलं की पाटी दिसते: ‘टाकाऊतून टिकाऊ’. माझं डोकं तिथं फिरतं. टाकाऊ कोण? चार महिने वेलावर सांभाळलेला, तीन महिने माळ्यावर वाळवलेला भोपळा टाकाऊ? मग सागवानी कपाटाला पण टाकाऊ झाडापासून केलेलं म्हणा.

माझ्या वहिनीनं पाच वर्षांपूर्वी भोपळ्याचे दिवे करायला घेतले. हातात कला आहे तिच्या. एका मोठ्या शहरातल्या दुकानानं पंधरा दिवे मागवले. नाव सांगत नाही, सांगण्यासारखं काही केलेलंही नाही त्यांनी. ठरलेला भाव नगाला तीनशे. माल घेऊन गेल्यावर दुकानदार म्हणाला, “ताई, दीडशे घ्या. मटेरियल तर तुम्हाला फुकटच असतं ना? वेलाला तर लागतं.” वहिनी तिथं काही बोलली नाही. दीडशेनं दिवे देऊन आली, कारण परतीच्या एसटीत पंधरा दिवे पुन्हा सांभाळून आणणं तिला शक्य नव्हतं, हे दुकानदारालाही ठाऊक होतं. घरी येऊन मला म्हणाली, “भाऊजी, फुकट म्हंजे काय असतं वो? मला कुणी शिकवलंच न्हाय.”

त्या दुकानदारासाठी, आणि त्याच्या गिऱ्हाइकांसाठी, ‘फुकट’ म्हणजे काय ते लिहून ठेवतो.

आषाढात बी लावायचं. त्याआधी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, कारण साल टणक असते. वेल हातभर झाला की शेंडा खुडायचा, कारण मूळ वेलावर नराची फुलं जास्त येतात आणि फुटव्यांवर मादीची. मादीच्या फुलाखाली इवलासा भोपळा आधीच असतो, त्यावरून ओळखायचं. परागीकरण झालं नाही तर ते पिवळं पडून गळतं. फवारण्यांनी पतंग कमी केलेत, म्हणून संध्याकाळी कंदील घेऊन नराचं फूल मादीच्या फुलाला हातानं लावायचं. आमच्याकडं याला बायका ‘लगीन लावणं’ म्हणतात. फळ धरल्यावर त्याच्या आकाराकडं लक्ष. हवी तशी मान यायला टांगता ठेवायचा की भुईवर, हे तेव्हाच ठरवायचं. मग वाट बघायची. वेल आपला आपण वाळेपर्यंत, देठ तपकिरी होईपर्यंत, साल नखानं टोचली जात नाही इतकी कडक होईपर्यंत. घाई करून हिरवा तोडला तर तो सुरकुततो, सडतो.

तोडताना दोन बोटं देठ ठेवून तोडायचा. देठाशिवाय तोडला की तिथून कीड आणि पाणी आत जातं. मग माळ्यावर, वारं खेळेल अशा जागी, फळीवर किंवा काटक्यांच्या माचणीवर, एकाला एक लागणार नाही असा ठेवायचा. कडक उन्हात टाकला की तडकतो. दर आठ दिवसांनी कूस बदलायची. या काळात त्याच्यावर बुरशी येते. काळी, करडी, हिरवट, ठिपक्याठिपक्यांची. नवखा माणूस घाबरून फेकून देतो. ती बुरशीच आतलं पाणी निघत असल्याची खूण आहे. फळ कडक असेल तर कापडानं पुसायचं. मऊ पडलं, पाणी सुटलं, तरच टाकायचं. लहान तुंबा महिना-दीड महिन्यात वाळतो, मोठ्याला तीन-चार महिने लागतात. वजन एकदम हलकं होतं आणि हलवला की आत बिया खुळखुळतात. हा खुळखुळाट आला की भोपळा तयार.

मग तासभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचा आणि बोथट सुरीनं, काथ्यानं वरची पातळ साल खरवडायची. बुरशीनं काढलेली नक्षी खाली उमटलेली असते, तपकिरी ढगांसारखी. अशी नक्षी कुठला कुंचला काढील? पण प्रदर्शनवाले त्यावर चकचकीत निळा रंग मारतात. बारीक पात्यानं तोंड कापायचं, आतला वाळका गर आणि बिया काढायच्या, नाकातोंडाला फडकं बांधून, कारण ती धूळ घशाला फार वाईट लागते. पाणी-धान्यासाठी वापरायचा असेल तर कडूपणा जाईपर्यंत पाणी भरून ठेवायचं आणि रोज बदलायचं. बाहेर टांगायचा असेल तर वरून जवसाचं तेल दोन-तीन हात. याला दुकानदार फुकट म्हणाला. बी लावल्यापासून दिवा होईपर्यंत किमान आठ महिने. त्यात किती जीव मेले, किती तडकले, ते वेगळंच.

याच गोष्टीचा आणखी एक नमुना सांगतो. आमच्या तालुक्यात एका कार्यालयानं बचत गटाच्या बायकांना भोपळ्यावरच्या कलाकुसरीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. भोपळे परराज्यातून गाडीनं आणलेले. रंग डब्यातले, नक्षी पुस्तकातली. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं, फोटो, चहा-बिस्कुटं. परत जाताना उरलेले भोपळेही घेऊन गेले. ज्या जिल्ह्यातून देशभर वाद्यांचे भोपळे जातात, तिथल्या बायकांना बाहेरचे भोपळे आणून रंगवायला शिकवलं! एकानंही विचारलं नाही, की बायांनो, तुमच्यापैकी कुणाकडं जुनं बी आहे का. आणि बी होतं. तीन जणींकडं होतं. एकीच्या सासूनं ते देव्हाऱ्याखाली राखेत ठेवलेलं. प्रशिक्षणातल्या एका बाईनं मला विचारलं, “दादा, रंगवायचं शिकले, पर रंगवू कशावर?” या प्रश्नाचं उत्तर प्रमाणपत्रात नाही.

आणि आता तिसऱ्यांशी, म्हणजे आपल्याशी. आपल्या गावांत तुंब्याला एक न बोललेली लाज चिकटली आहे. तुंबा म्हटलं की गोसावी, भिक्षेकरी, गारुडी. घराच्या आढ्याला तुंबा टांगलेला दिसला तर सोयरे काय म्हणतील? म्हणून स्टील आलं, मग प्लास्टिक आलं. स्टील टिकतं, त्याला नावं ठेवणार नाही. पण तेलाच्या कॅनला तार बांधून लेकरांना विहिरीत सोडणारा माणूस भोपळ्याला गावंढळ म्हणतो, तेव्हा तो सोयीचं बोलत नसतो, जातीचं बोलत असतो. ज्यांच्या हातात तुंबा दिसला त्यांना आपण गावकुसाबाहेर ठेवलं, आणि त्यांच्याबरोबर तुंब्यालाही.

खरं तर या फळाची विद्या त्यांच्याचकडं होती. पुंगीचा भोपळा कुठं कापायचा, मेण कुठं लावायचं, हे गारुड्याला ठाऊक. साप पाळण्यावर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आली, ती योग्यच आहे. सापाचे हाल थांबले पाहिजेत. पण सापाबरोबर पुंगी करणारे हातही रिकामे झाले आणि त्या हातांना दुसरं काम कुणी दिलं नाही. तिकडं डहाणू-जव्हारकडं वारल्यांचा तारपा आहे. वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण, यांचं वाद्य. जिव्या सोमा म्हशे यांच्यामुळं वारली चित्रं जगभर गेली. त्यातला गोल फेर धरून नाचणारा जमाव आज चादरींवर, कपांवर, विमानतळाच्या भिंतींवर दिसतो. त्या फेराच्या मधोमध तारपा वाजवणारा उभा असतो, आणि त्याच्या तोंडाशी भोपळा असतो. चित्र आपण घरात टांगलं, भोपळा मात्र ओळखलासुद्धा नाही. गडचिरोलीच्या माडियांकडं आणि त्याला लागून असलेल्या बस्तरमध्ये तुंब्यातून पेज रानात नेतात. बस्तरचे कारागीर तापल्या लोखंडानं तुंब्यावर नक्षी काढतात. शिकायचं तर आपण त्यांच्याकडून शिकावं, पुस्तकातल्या नक्षीकडून नव्हे.

काही जण म्हणतील, हे सगळं ठीक, पण कडू भोपळा धोक्याचा असतो. हो, असतो, आणि ते लपवायचं कारण नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली, आणि चवीला कडू लागला तर रस पिऊ नका, टाकून द्या, असं बजावलं गेलं. आजी हेच करायची. भाजी चिरण्याआधी भोपळ्याची चकती जिभेच्या टोकाला लावायची आणि थुंकायची. कडू लागला की तो भोपळा चुलीकडं जात नसे. म्हणून परसात दोन्ही लावत असाल तर जपा. तुंब्याच्या कडू जातीचं परागीकरण दुधीशी झालं तर त्या वर्षीचं फळ तसंच राहतं, पण त्याच्या बियांपासून पुढच्या साली कडू फळ येऊ शकतं. जे फळ बियाला ठेवायचं त्याच्या मादी फुलावर उमलण्याआधीच कापडाची पिशवी बांधा, हातानं लगीन लावा आणि पुन्हा पिशवी बांधा. चिंधी तर आधीपासून बांधायचीच होती, आता पिशवीही बांधा.

दुसरे म्हणतील, भोपळ्याचं घरटं पावसात दोन-तीन वर्षांत कुजतं, प्लास्टिकचं दहा वर्षं टिकतं. खरं आहे. पण ते टिकण्याचं कौतुक कशासाठी? प्लास्टिकचं घरटं चैत्राच्या उन्हात भट्टी होतं. पिल्लं आत भाजतात. फुटल्यावर ते कुठं जातं, ते आपल्या ओढ्याकाठी जाऊन बघा. भोपळ्याचं घरटं कुजलं तर वेलाच्या बुडाशी टाका, खत होतं. तोवर माळ्यावर दुसरा भोपळा वाळलेला असतो. ज्याच्या घरी वेल आहे त्याला टिकाऊपणाची चिंता नसते.

चिमणीसाठी करायचं असेल तर सहा-सात इंच घेराचा नव्हे, सहा-सात इंच रुंदीचा भोपळा घ्या. भोक सव्वा ते दीड इंचाचं, त्याहून मोठं केलं तर साळुंकी आणि कावळा त्रास देतात. तळाला चार बारीक भोकं, पाणी निघायला. बसायला काडी लावू नका, चिमणीला तिची गरज नसते आणि शिकारी पाखराला सोय होते. पश्चिमेच्या पावसाकडं तोंड करू नका. आठ-दहा फूट उंच, मांजर पोचणार नाही अशी सावलीची जागा बघा. विण संपली की आतलं जुनं गवत काढून टाका. शहरातल्या गच्चीवरही हे होतं. एक मोठी कुंडी, चार तारा आणि पाच-सहा तासांचं ऊन एवढ्यावर तुंब्याचा वेल येतो.

तेव्हा मागणं मांडून संपवतो. कृषी विद्यापीठांनी जाड सालीच्या, वाळवायच्या भोपळ्याच्या स्थानिक जाती गोळा कराव्यात आणि बी शेतकऱ्याला द्यावं. मिरजेच्या वाद्याला मान मिळवून देणाऱ्यांनी भोपळा लावणाऱ्याला लावणीच्या वेळी उचल द्यावी आणि भाव आधी लिहून द्यावा. प्रदर्शनं भरवणाऱ्यांनी ‘टाकाऊतून टिकाऊ’ची पाटी काढून त्या जागी वेल कुणी वाढवला, किती महिने वाळवला, हे लिहावं. प्रशिक्षण देणाऱ्यांनी पहिला दिवस बियाला द्यावा, रंगाला शेवटचा. आणि तुम्ही, गावात असा की शहरात, दहा कोवळे खा, पण अकराव्याला चिंधी बांधा.

बी माझ्याकडं आहे. चंबूच्या आकाराचं आणि जाड सालीचं, दोन्ही. वहिनीनं आणि त्या तिघी जणींनी मिळून जमवलेलं. दारात येईल त्याला मूठभर देतो, पैसे घेत नाही. अट एकच. पुढच्या फाल्गुनात तुमचा भोपळा खुळखुळला की त्यातल्या दोन मुठी तिसऱ्या घरी पोचल्या पाहिजेत.